न्हाणीघरातली सोयरीक

माझ्या पोटात काही राहत नाही. (पचनाची तक्रार नाही. पचनाच्या बाबतीत मी दगडसुद्धा जिरवीन.) राहत नाहीत त्या गोष्टी. "हे तुझ्यापाशीच ठेव हं," असं कुणी म्हणालं की माझ्या जिभेला खाज सुटते, आणि ती भागवायला एक माणूस लागतो. तो ओळखीचाच असला पाहिजे अशी अट नाही.

घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीला नोकरी लागली तेव्हा तिनं ती बातमी फक्त मला सांगितली आणि पेढे आणायला गेली. ती परत येईपर्यंत खालच्या मजल्यावरचे लोक अभिनंदनाला जिन्यात उभे होते.

माझा नवरा सुधीर बरोबर याच्या उलट. तो विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तर खरं तेच बोलतो. संसाराला हे दोन्ही गुण सारखेच घातक असतात, हे मला परंड्याला गेल्यावर कळलं.

परंड्याला माझी मैत्रीण शकू असते. सोलापूरच्या होस्टेलात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो आणि एकाच आरशापुढं धक्काबुक्की करायचो. आता ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. गावात तिला 'म्याडम' म्हणतात, आणि तेही आवाज खाली करून. ती रस्त्यानं निघाली की सायकलवरची पोरं खाली उतरतात. तिचे यजमान भाऊसाहेब, त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, तेसुद्धा तिच्यासमोर शर्टाचं वरचं बटण लावतात. "ये की गं एकदा," असं ती वर्षानुवर्षं म्हणत होती. यंदा प्रजासत्ताक दिनाला जोडून शनिवार-रविवार आले आणि आम्ही पुण्याहून खरोखरच निघालो.

बार्शीला उतरून परंड्याची एसटी धरली. सुट्टीची गर्दी! सुधीरला अगदी मागं, कुणाच्या तरी तेलाच्या डब्याशेजारी जागा मिळाली. मी पुढं एका बाईंच्या शेजारी बसले. साठीच्या असतील. काठाचं हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ.

"परंड्याला का?" त्यांनी विचारलं.

"हो. मैत्रिणीकडं. मुलींच्या शाळेच्या शकुंतला मॅडम आहेत ना, त्यांच्याकडं."

बाई क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली, सरकून मला ऐसपैस जागा करून दिली आणि पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या.

"घ्या. भुकेजल्या असाल."

किती प्रेमळ बाई, असं मला वाटलं. (पोलीस लोकांना बोलतं करायला काय काय करतात म्हणे. खात्यानं एकदा भाजलेल्या शेंगा वापरून बघाव्यात.)

"म्याडमचं नाव लई ऐकलंय," बाई शेंगा सोलत म्हणाल्या. "लई कडक अन् शिस्तीच्या म्हनत्यात."

"कडक? शकू?" मी म्हणाले. बस, बांध फुटला! "अहो, होस्टेलात हिनं विजेच्या शेगडीवर चोरून भात लावला आणि सगळ्या इमारतीची वीज घालवली! मुली अंधारात किंचाळताहेत, वॉर्डनबाई जिन्यात आपटल्या, आणि ही पांघरुणात भाताचं पातेलं घेऊन झोपेचं सोंग करून पडलेली!"

"अगं बया! मंग?"

"मग काय! भात कच्चा होता. तरी खाल्ला."

बाईंनी दाणे माझ्या तळहातावर ठेवले. मी ते तोंडात टाकले आणि पुढचं सांगायला घेतलं. शकू घोरते, तेही साधं नाही, चढावर ट्रॅक्टर लागल्यासारखं. ती झोपेत बोलते, आणि झोपेतसुद्धा समोरच्याला उभं राहायला सांगते. लग्नानंतर भाऊसाहेबांनी न विचारता तिची सायकल विकली, तर महिनाभर ती त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलत होती. (महिनाभर नव्हे, आठवडाभर. पण आठवड्यात मजा नाही.)

"अन् लेकरं?" बाईंनी पुढची शेंग फोडली.

"एकच मुलगी. ऋतुजा. जनावरांची डॉक्टर आहे. गुणी पोर! आता. लहानपणी काय ती! वर्गातल्या एका मुलानं हिच्या मैत्रिणीची वेणी ओढली, तर ही त्याच्या दंडाला अशी चावली, अशी चावली, की दोघं गुरुजी लागले सोडवायला!"

"चावली?" बाईंचा हात थांबला.

"कडकडून! आता जनावरांवर उपचार करते. म्हणजे फिटंफाट झाली म्हणायची!"

मी माझ्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. खिडकीबाहेर ज्वारीच्या रानाकडं बघत त्यांनी फक्त "व्हय का?" एवढंच म्हटलं आणि उरलेल्या शेंगा माझ्याच ओंजळीत टाकल्या. स्टँडवर उतरताना म्हणाल्या, "भैनीकडं आलेय. लई बरं वाटलं बोलून." मलाही फार बरं वाटलं.

शकूच्या घरी पोचलो तर दारात रांगोळीची तयारी, ओसरीवर सतरंज्या झटकणं चाललेलं, आणि भाऊसाहेब स्टुलावर उभे राहून पंख्याची पाती पुसताहेत. शकूनं मला घट्ट मिठी मारली. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि तिळाची चटणी असं जेवण झालं. मग तिनं सुधीरला भाऊसाहेबांबरोबर किल्ला बघायला पाठवलं, दार लोटलं आणि माझ्यासमोर बसली.

"मंजू, आता सांगते. उद्या सकाळी ऋतुजाला बघायला पाहुणे यायलेत. येरमाळ्याचे."

"अगं! आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुला आधी सांगितलं असतं तर सगळ्या पुण्याला कळलं असतं."

मी रागावले. (तसा मला हक्क नव्हता.) पण बातमी इतकी गोड होती की राग टिकला नाही. मुलाचं नाव अविनाश, घरची शेती आणि मोठा गोठा. वडील नाहीत. त्याची आणि ऋतुजाची ओळख एका अडलेल्या गाईच्या कृपेनं झालेली. रात्रभर दोघं त्या गाईशेजारी बसले, सकाळी कालवड झाली आणि इकडं यांचं जमलं.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"त्याच्या आईपाशी. लई चौकस बाई आहे म्हणं. आजवर आलेली सगळी स्थळं तिनं मोडली. एका ठिकाणी मुलीची आई लई गोड बोलायली म्हणून, एका ठिकाणी घरातलं कुत्रं भुंकलं नाही म्हणून! पोरीचा जीव आहे गं त्या पोरात. मला काही बोलत नाही ती, पण उशीखाली फोन घेऊन झोपती. आईनं नाही म्हटलं तर अविनाश तिच्या शब्दाबाहेर जाणार नाही." शकूचा आवाज एकदम होस्टेलातल्यासारखा बारीक झाला. "मंजू, मला शाळेच्या तपासणीला कधी भ्यायला झालं नाही. उद्याची मला भीती वाटायली."

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काळजी करू नकोस. मी आहे ना!"

(हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा वरती कुणीतरी हसलं असणार.)

रविवारी सकाळी पहिलं विघ्न आलं ते सोनारीहून. तिथं कुणाची तरी म्हैस अडली होती. ऋतुजा गजरा काढून, गमबूट चढवून स्कूटरवर निघाली.

"अगं पाहुणे यायलेत!" शकू ओरडली.

"आई, म्हशीला सांगू का सोमवारी ये म्हणून?" असं म्हणून ती गेलीसुद्धा.

दुसरं विघ्न जीपमधून आलं. मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं भुरभुरत होते. बाहेर जीप थांबली, "या, या," झालं, म्हणून मी पडदा बोटभर बाजूला केला. आधी उतरले मुलाचे मामा, डोक्याला फेटा. मग अविनाश, उंच, सावळा, लाजरा. मग एक हिरवं लुगडं उतरलं. रुपयाएवढं कुंकू. मनगटावर पुरुषी घड्याळ.

माझ्या हातातली खोबऱ्याची वाटी पोह्यांत पालथी झाली.

माणसावर संकट आलं की त्याचा खरा स्वभाव दिसतो म्हणतात. माझा दिसला. मी मागच्या दारानं पळाले! परसात लपण्यासारख्या दोनच जागा होत्या, एक शेवग्याचं झाड आणि एक न्हाणीघर. झाडावर चढण्याचं वय गेलेलं, म्हणून न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावायला गेले, तर कडीच नाही. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ओसरीची मागची खिडकी परसात उघडत होती, त्यामुळं तिथलं सगळं ऐकू येत होतं. आणि ऐकू आला तो आमच्या सुधीरचा आवाज. जन्मात कुणाशी आपणहून न बोलणारा माझा नवरा आनंदानं म्हणत होता,

"अरे! तुम्ही कालच्या एसटीतल्या शेंगावाल्या ना? आमच्या मंजूच्या शेजारी होता की!"

मग त्या बाईंचा थंड आवाज. "व्हय. तुमची मंडळी कुठाय?"

"आत्ता तर इथंच होती. मंजू! अगं, तुझ्या कालच्या मैत्रीणबाई आल्यात!"

मिनिटभरात न्हाणीघराच्या दारावर टकटक झाली. शकू होती.

"मंजू, काय करायलीस आत? पोट बिघडलं का?"

"शकू," मी फटीतून कुजबुजले, "त्या बाई काल माझ्या शेजारी बसल्या होत्या."

"मग?"

"मग आम्ही बोललो."

"काय बोललात?"

"त्या कशाला बोलतात! मीच बोलले."

मुख्याध्यापिकेच्या आवाजात तिनं विचारलं, "काय काय सांगितलंस? एकेक सांग."

"भाताचं सांगितलं."

"बरं. पुढं?"

"सायकलचं. पाटीचं. आणि ते, घोरण्याचं."

"कुणाच्या घोरण्याचं?"

"तुझ्या."

"मी घोरत नाही!"

"शकू, ही वाद घालायची वेळ नाही."

"पुढं?"

"ऋतुजाचं एक सांगितलं. लहानपणचं. ते, त्या मुलाला, दंडाला..."

"चावल्याचं सांगितलंस?" शकूच्या तोंडून किंकाळीच निघाली असती. ती तिनं गिळली. "मंजू! अगं, पोरीची सोयरीक आहे ही!"

"ओघात आलं गं..."

त्यानंतर एक आवाज झाला. खट्! शकूनं बाहेरून कडी लावली होती.

"लोक जाईपर्यंत आतच बस," ती दातओठ खात म्हणाली. "आणि एक शब्द जरी बोललीस तर तुझं माझं संपलं!"

मी पालथ्या बादलीवर बसले. समोर एक साबण, एक खरवडायचा दगड आणि बंबाचा धूर. पन्नाशी ओलांडलेली, पुण्याहून सन्मानानं आलेली पाहुणी, आणि न्हाणीघरात कोंडलेली! पण खरं सांगते, हसू येत नव्हतं. उशीखाली फोन घेऊन झोपणारी ऋतुजा डोळ्यांपुढं येत होती. लहान असताना सुट्टीत पुण्याला आली की माझ्या कुशीत झोपायची ती. तिच्या नशिबावर मी भाजक्या शेंगांच्या बदल्यात पाणी सोडलं होतं. रडणार, तेवढ्यात पावलं वाजली.

"हात-पाय धुते जरा," त्याच बाईंचा आवाज. "ऱ्हाऊ द्या, दावू नका. दिसतंय मला."

काय करावं सुचेना. मी आवाज जाड केला आणि माझ्या समजुतीप्रमाणे अस्सल मराठवाडी बोलीत म्हणाले, "आत मानूस हाय!"

मग बाई म्हणाल्या, "मानूस आत अन् कडी भाईर? पुण्याच्या बाई, तुमचा आवाज पाठ झालाय मला काल. बार्शीपास्नं परंड्यापतोर ऐकलाय."

कडी निघाली. दार उघडलं. मी बादलीवरून उठायला गेले, तर पदर बंबाच्या नळात अडकला आणि परत बसले.

"बाई," मी हात जोडले, "माझं ऐका. शकू लाखात एक आहे. मी काल जे बोलले ना, त्यातलं निम्मं मनाचं होतं! मला सवयच आहे. रंगवून सांगते मी!"

"निम्मं? कंचं निम्मं?"

"महिनाभर पाटीवर बोलायचं. आठवडाच होता तो. आणि ट्रॅक्टरसारखं घोरत नाही ती. साधं घोरते."

"अन् चावल्याचं?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. आयुष्यभर फुकटची थापेबाजी केली आणि नेमकी गरज पडली तेव्हा तोंडातून निघालं, "ते खरं आहे."

"दुसऱ्या पोरीपायी चावली?"

"हो. मैत्रिणीची वेणी ओढली म्हणून."

बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसल्या. अगदी निवांत, घरच्यासारख्या.

"आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "ह्या गल्लीत म्या काल संध्याकाळी समद्यांस्नी इचारलं. जिला इचारावं ती म्हनती, म्याडम म्हंजी देवमानूस. मला धडकी भरली! देवमानसाच्या घरी सोयरीक कशी करावी? तितं खोकायची बी चोरी. मी बी घोरते, बाई. आमच्या घरात समदीच घोरत्यात. तुमी बसमधी बोललेलं आठवलं तवा कुठं जिवाला थंडावा मिळाला. म्हनलं, चला, मान्सं हायेत."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा?" बाईंनी मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. "मालक गेल्यावर शेत अन् गोठा म्या सांभाळला. भावकीनं बांध कोरला, दलालांनी भाव पाडला. मला तोंड उघडाया लई वरसं लागली. गरीब गाईवानी सून आनून काय करू? गाई गोठ्यात लई हायेत. मला चावनारीच पायजे!"

तेवढ्यात परसाच्या फाटकातून स्कूटर आत आली. ऋतुजा! गमबुटांना शेण, ओढणी कमरेला बांधलेली, कोपरापर्यंत हात माखलेले. पाहुण्यांच्या नजरेला न पडता मागच्या मागं धुऊन घ्यावं म्हणून ती थेट न्हाणीघराकडं आली, तर उंबऱ्यावर होणारी सासू आणि आत बादलीवर मी.

पोर जागच्या जागी थिजली. हातानं नमस्कार करावा तर हात तसले.

आक्कांनी (येरमाळ्यात त्यांना सगळे आक्का म्हणतात) तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"गाय का म्हैस?"

"म्हैस," ऋतुजा म्हणाली.

"काय झालं?"

"रेडी. आडवी होती. फिरवून काढली."

"वाचली?"

"दोघी वाचल्या."

झाला मुलगी बघायचा कार्यक्रम! नाव, गाव, स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, काही नाही. आक्का उठल्या, बंबातून तांब्याभर ऊन पाणी काढलं आणि स्वतः तिच्या हातांवर ओतायला लागल्या. ओतता ओतता सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "अजून चावतीस का गं?"

ऋतुजानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "मावशी!!"

मी खरवडायच्या दगडाचं निरीक्षण करायला लागले.

"कारण असलं तर," ऋतुजा हळूच म्हणाली.

आक्का अशा हसल्या की शेवग्यावरच्या साळुंक्या उडाल्या.

आता सगळं गोड झालं असं आम्हा तिघींना वाटलं. पण आम्ही परसात असताना ओसरीवर काय चाललंय, ते कुणाला ठाऊक! खिडकीतून एकदम शकूचा आवाज आला. सातवी अ ते दहावी ब सगळ्या वर्गांना एकदम ऐकू जावा असा.

"...तर लोकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच सांगते! होय, मी घोरते! होस्टेलची वीज मीच घालवली होती! ह्यांच्याशी मी पाटीवर बोलले, सायकलीपायी, आणि परत विकली तर परत तसंच करीन!"

शकूनं मनाशी ठरवलं असणार की, बाई मागं गेल्यात त्या नकार द्यायचं ठरवायलाच. आता लपवून काय उपयोग? मोडायचंच असेल तर ताठ मानेनं मोडू दे! आणि एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. मी सांगितलं होतं ते सगळं तिनं सांगितलं. मग मलाही ठाऊक नसलेलं सांगायला घेतलं. स्नेहसंमेलनात घाईत लुगडं उलटं नेसून तिनं अख्खं भाषण ठोकलं! शिक्षणाधिकाऱ्यांना शिपाई समजून तिनं खुर्च्या उचलायला लावल्या! हे ऐकून भाऊसाहेबांनाही स्फुरण चढलं असावं.

"आता निघालंच आहे तर," ते खाकरून म्हणाले, "मला पालीची भीती वाटती. लई. दुकानात पाल निघाली तर मी गिऱ्हाईकाला आत सोडून भाईर पळतो."

"मीसुद्धा," सुधीर म्हणाला. (हा सूर कशाला धरत होता देव जाणे.)

आम्ही लगबगीनं ओसरीवर पोचलो. दृश्य असं होतं. शकू मधोमध उभी, डोळ्यांत पाणी, मान ताठ. अविनाश घामाघूम. मामा पोह्यांची ताटली दोन्ही हातांत धरून भिंतीला टेकलेले. कारण आक्कांनी बसमधलं अवाक्षरसुद्धा घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं! (असंही करता येतं, हे मला त्या दिवशी नव्यानंच कळलं.)

"म्याडम," मामा घाबरत घाबरत म्हणाले, "आमी फकस्त इचारलं, पोह्यात खोबरं जरा जास्त पडलं का म्हनून."

शकूनं आक्कांकडं बघितलं. मग आक्कांच्या पदराला ओले हात पुसणाऱ्या ऋतुजाकडं बघितलं. मग माझ्याकडं. काहीच उमगेना तिला. शाळेच्या तपासणीला न घाबरणारी ती बाई मटकन सतरंजीवर बसली आणि रडायला लागली.

आक्का तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. "इहीनबाई, डोळं पुसा. पोरगी पसंत हाय. तुमी बी पसंत हाय. हे पालीवालं पाव्हणं बी पसंत हायेत." मग मामांकडं वळून, "साखर द्या समद्यांच्या हातावर. आपल्या देवीचं, येडाईचं नाव घ्या."

अविनाशनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि ऋतुजाकडं बघितलं. तिच्या कानाजवळ शेणाचा एक ठिपका राहिला होता. त्यानं खुणेनं दाखवला. तिनं पुसला. मला एकदम इतकं भरून आलं की मी बोलायला तोंड उघडलं, आणि ओसरीवरची सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "नको!"

दुपारी निघताना शकू मला फाटकापर्यंत सोडायला आली. रागावली होती, हसत होती आणि पिशवीत धपाटे कोंबत होती, तिन्ही एकदम. "मंजे, तू माझं वाटोळं करता करता राहिलीस," ती म्हणाली, आणि मला सोडेचना. त्या मिठीत होस्टेलची सगळी वर्षं होती. (थोडा साबणाचा वासही होता, पण तो माझाच.)

लग्न उन्हाळ्यात येरमाळ्याला झालं. आमंत्रण द्यायला आक्कांचा फोन आला, तोही सुधीरच्या फोनवर. "ताईंस्नी जरूर आना," त्या म्हणाल्या, "त्यांच्यासाठनं खास जागा धरून ठिवलीय." मी फुशारले. दोन्ही घरं जोडणारी बाई, मान मिळणारच! भारीतली पैठणी नेसून गेले. स्वतः आक्कांनी हाताला धरून मांडवातून नेलं आणि मानाच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची बँजोवाल्यांच्या सर्वांत मोठ्या भोंग्याला चिकटून होती.

वरात येण्यापासून पंगती उठेपर्यंत मी त्या खुर्चीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाशी घसा फोडून बोलत होते. एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. सुधीर म्हणतो, आमच्या नात्यागोत्यात इतकं सुरळीत पार पडलेलं लग्न त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. आणि सुधीर, तुम्हाला सांगितलंच आहे, खोटं बोलत नाही.